चव्वेचाळीस आठवड्यांची शेजारीण

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक शाळा आहे, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये. परदेशी वकिलातींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथे त्या त्या देशाची भाषा शिकवतात. संस्था १९४७ साली निघाली. इतकी वर्षं शिकवल्यावर कुठल्याही मास्तराला जी खोड लागते ती तिलाही लागली, आणि तिने जगातल्या भाषांना सोपं-अवघड अशा वर्गांत बसवून टाकलं. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन या गुणी मुली. २४ ते ३० आठवड्यांत हाताशी येतात. जर्मनला साधारण ३६ आठवडे लागतात. हंगेरियनला ४४. चिनी, जपानी, अरबी सगळ्यांत शेवटी, ८८ आठवडे. जुन्या यादीत हंगेरियनच्या नावावर एक चांदणीही असे. चांदणीचा अर्थ एवढाच, की आपल्या वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा ही अंमळ जास्त द्वाड आहे.

अवघड, पण कुणाला? ही सगळी मोजणी इंग्रजी घरात वाढलेल्या माणसाच्या जिभेवर झालेली आहे. हिंदी आणि बंगालीही ४४ आठवड्यांच्याच वर्गात आहेत, आणि मराठीला बसवायचं झालं तर तिलाही तिथेच बसवावं लागेल. म्हणजे आर्लिंग्टनहून पाहिलं तर मराठी आणि हंगेरियन एकाच आळीत राहतात, आणि जर्मन आठ आठवडे अलीकडे, इंग्रजीच्या वाड्याला लागून. आळीतल्या माणसाला समोरचं घर किती लांब पडतं, हे मात्र तिथे कुणी मोजलेलं नाही. ते आमच्या आप्पांनी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मोजलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. गणिताइतकंच त्यांना शुद्धलेखनाचं वेड, त्यामुळे विद्यार्थी त्यांना दोन विषयांत घाबरत. एप्रिलात ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांची नात जर्मनचे आकडे घोकत होती.

तिने शाळेत जर्मन का घेतलं, असं तिला विचारलं तर ती खांदे उडवते. मला विचारलं तर मी पुण्याकडे बोट दाखवते. पुण्यात निम्मी आळी कधी ना कधी मॅक्सम्युलर भवनात नाही तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जाऊन आलेली असते. अकरावी-बारावीला मराठी घरातली मुलं मराठी सोडून जर्मन घेतात, कारण ती ‘स्कोअरिंग’ आहे. स्वतःच्या आईच्या भाषेत गुण मिळवणं अवघड आणि परक्याच्या भाषेत सोपं, हा चमत्कार आर्लिंग्टनच्या कुठल्याच वर्गात बसत नाही. मीही त्याच वाटेने गेलेली. तेव्हा आता मुलीने जर्मन घेतलं याला आम्ही घराण्याची परंपरा म्हणतो.

तर आकडे. एकवीसला जर्मन माणूस ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणतो. आधी एक, मग वीस. तिच्या बाईंनी वर्गाला बजावलं होतं, की अमेरिकन मुलं हमखास घसरतात ती इथे, कारण आकडा लिहायचा डावीकडून आणि बोलायचा उजवीकडून. आप्पांनी पेपर खाली ठेवला. “यात घसरायचं काय? एक-वीस. बा-वीस. ते-वीस. आधी एकक, मग दशक. आपण काय वेगळं करतो?” नातीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारच्या मराठी शाळेत ती ‘एकवीस’ हा एक अखंड दगड म्हणून शिकली होती; त्याला सांधा आहे हे तिला त्या दिवशी कळलं, तेही जर्मनच्या गृहपाठात.

आप्पांच्या आवाजाला धार होती ती मात्र वेगळ्या कारणाने. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आलं, त्या वेळी महाराष्ट्रात उडालेला धुरळा त्यांच्या अंगावरून अजून पुरता झटकला गेलेला नाही. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याण्णव असली जोडाक्षरं लहान मुलांच्या तोंडात आणि डोक्यात दोन्हीकडे अडकतात. त्यांना ‘सत्तर सात’ म्हणू द्या. त्यावरून विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे मराठी भाषा धोक्यात आली. आप्पा विरोधी गोटात होते. मी त्यांना सांगितलं, की जर्मनीतही हेच भांडण चालू आहे: बोखुमच्या एका गणितज्ञाच्या पुढाकाराने २००४ साली तिथे एक संस्था निघाली, तिचं नावच मुळी ‘वीसएक’, आणि मुलांना दशक आधी बोलू द्या एवढीच तिची मागणी आहे. आप्पांना धक्का बसला, पण बरंही वाटलं. आपलं दुखणं एवढ्या पुढारलेल्या देशाला आहे म्हटल्यावर ते दुखणंही जरा खानदानी वाटायला लागतं.

मग लिंगं आली. अमेरिकन माणसाला जर्मन शिकताना सर्वांत मोठा छळ वाटतो तो हाच. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. एकाच जेवणाच्या टेबलावर तिन्ही. मार्क ट्वेन १८७८ साली हायडेलबर्गला जाऊन जर्मनशी झटला आणि १८८० च्या प्रवासवर्णनाला त्याने या भाषेच्या भीषणपणावर एक परिशिष्टच जोडलं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी, हे त्याला अजिबात सहन झालं नाही. हे ऐकून आप्पा म्हणाले, “त्याला गोव्याला न्यायला हवं होतं.” खरंच आहे. कोकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही भीषण वाटत नाही. कोल्हापुरात मुली स्वतःच ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. आपल्या तो चमचा, ती सुरी, ते ताट यांच्या पंगतीला बसलेल्या माणसाला जर्मनची तीन लिंगं ऐकून घाम फुटत नाही. फुटतो तो जरा पुढे, चमचा दोन्हीकडे ‘तो’ निघतो आणि म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हा. कारण मग सूर्य बाई निघतो. चंद्र बुवाच राहतो. टेबल आणि खुर्ची दोघंही पुरुष. बंगाली माणूस निदान कोऱ्या पाटीने येतो. आपली पाटी आधीच भरलेली, आणि तीही चुकीच्या उत्तरांनी.

रविवारच्या मराठी शाळेत मुलं हाच प्रश्न आम्हाला उलट बाजूने विचारतात. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का? अमेरिकेतल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्या आयाबापांनी या प्रश्नासमोर खोकला, पाणी पिणं, ‘पुढच्या वेळी सांगते’ असे सगळे उपाय करून पाहिले आहेत. आमच्या मुलीने एकदा वर्गातल्या लहानांना परस्पर सांगून टाकलं, “कारण नसतं. जर्मनमध्येपण नसतं.” त्यानंतर तो प्रश्न बंद झाला. एका भाषेतला मूर्खपणा पोरं सोडत नाहीत. दोन भाषांत तोच दिसला की त्याला नियम म्हणतात.

क्रियापद वाक्याच्या शेवटी जाणं हाही अमेरिकनांचा मोठा जाच. पोटवाक्यात जर्मन माणूस कर्ता, कर्म, गाव, वेळ, हवामान सगळं सांगून होईपर्यंत नेमकं झालं काय हे हातात ठेवतो. आपल्याला त्याचं काय? “उद्या सकाळी तुमचे पैसे घेऊन मी स्वतः तुमच्याकडे येणार” इथपर्यंत ऐकून कुठलाही मराठी माणूस हुरळत नाही; ‘होतो, पण’ अजून यायचं आहे हे त्याला माहीत असतं. आप्पांची तक्रार वेगळीच. जर्मन क्रियापद मुख्य वाक्यात दुसऱ्या जागेवर बसतं आणि पोटवाक्यात शेवटी पळतं. “एक काहीतरी ठरवा,” असं ते वहीतल्या वाक्याला उद्देशून म्हणाले.

नातं मात्र खरं आहे. जर्मन आणि मराठी एकाच मोठ्या कुळातल्या. हजारो वर्षांपूर्वी वाटण्या झालेल्या. नऊ आणि ‘नॉइन’, नाव आणि ‘नामऽ’, विधवा आणि ‘वित्वऽ’ यांत चेहरा अजून ओळखू येतो. दात आणि ‘त्सान’ यांच्यात येत नाही, पण तेही सख्खेच. भावकीतलं माणूस लग्नात भेटावं तसं जर्मनशी होतं: आडनाव एक, नाक एक, बोलायला विषय शोधावा लागतो.

हंगेरियन आमच्या घरात आली ती बागेतून. एडिसनच्या रूझवेल्ट पार्कात सकाळी आपल्याकडचे आजी-आजोबा फिरायला येतात. तिथल्या बाकावर एक वयस्क बाई बसायच्या. आप्पा त्यांच्याशी सातारी इंग्रजीत बोलू लागले. घरी येऊन म्हणाले, “त्या नेनेबाई फार सज्जन आहेत.” आम्हाला वाटलं, असतील कोणी पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या. मग एक दिवस मी सोबत गेले तर नेनेबाई निळ्या डोळ्यांच्या. बाई हंगेरियन. हंगेरियनमध्ये वडीलधाऱ्या बाईच्या नावापुढे ‘नेनी’ लावतात, आपण काकू-मावशी लावतो तसं, आणि आपल्यासारखंच नावाच्या नंतर. पुरुषाला ‘बाची’. त्यांनी आप्पांना लगोलग ‘आप्पा-बाची’ करून टाकलं होतं. त्यात दोन भाषांतला वडीलधारेपणा एकावर एक रचला गेला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि आप्पांना आवडलं होतं.

एडिसनमध्ये हंगेरियन बाई भेटणं हे तसं नवल नाही. शेजारचं न्यू ब्रन्सविक हे हंगेरियन लोकांचं जुनं ठाणं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात इतके हंगेरियन कामाला होते, की लोक त्याला ‘हंगेरियन विद्यापीठ’ म्हणत. सॉमरसेट स्ट्रीटवर अजून त्यांची चर्च आहेत, संग्रहालय आहे, जूनमध्ये रस्ता अडवून त्यांची जत्रा भरते. १९५६ च्या शरदात बुडापेस्टचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला आणि त्यातून निसटलेल्यांना अमेरिकेने पहिल्यांदा उतरवून घेतलं ते कॅम्प किल्मर या लष्करी तळावर, म्हणजे एडिसन आणि पिस्काटवे यांच्या हद्दीवर. ३० हजारांहून अधिक माणसं त्या बराकींतून पुढे गेली. आमच्या नेनी त्यांतल्याच, आईबापांच्या हाताला धरून आलेल्या. १९५७ च्या जानेवारीत आलेला आंद्राश ग्रोफ नावाचा विशीतला मुलगाही त्यांतलाच. तो पुढे अँडी ग्रोव्ह झाला आणि त्याने इंटेल चालवली. त्या जमिनीच्या मोठ्या भागावर आज रटगर्स विद्यापीठाचा लिव्हिंगस्टन परिसर आहे, आणि एडिसनच्या ओक ट्री रोडवर वाढलेली मराठी पोरं तिथे कॉम्प्युटर शिकतात.

आता ती द्वाड, चांदणीवाली भाषा. नेनींनी आप्पांना पहिला शब्द शिकवला ‘हाझ’, म्हणजे घर. जर्मनमध्येही घर ‘हाउस’, तेव्हा आप्पांनी लगेच नातं जोडलं. पण इथे नातं नाही. हंगेरियन त्या कुळातलीच नाही. तिची भावकी फिनिश, एस्टोनियन आणि उरल पर्वतापलीकडच्या खांटी-मान्सी या चिमुकल्या भाषांशी. ‘हाझ’ आणि ‘हाउस’ दिसायला सारखे, रक्ताने परके. दात आणि ‘त्सान’ दिसायला परके, रक्ताने सख्खे. चेहऱ्यावरून सोयरीक जुळवणाऱ्यांनी भाषाशास्त्राच्या वाटेला जाऊ नये.

पण त्या ‘हाझ’चं पुढे काय होतं ते पाहा. हाझबॉन: घरात. हाझबोल: घरातून. हाझरॉ: घरावर. हाझरोल: घरावरून. हाझहोझ: घराकडे. हाझिग: घरापर्यंत. अमेरिकन विद्यार्थी इथे डोक्याला हात लावतो. सगळी शेपटं नावाला मागून चिकटलेली, आणि व्याकरणकार त्यांना विभक्ती म्हणून अठराच्या आसपास मोजतात. आप्पांनी वहीच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे त्यांची, उजवीकडे आपली. सगळी घरं भरली. एकही मोकळं राहिलं नाही. “अठरा कसल्या,” ते म्हणाले, “आपली शब्दयोगी अव्ययं धरली तर आपल्या शंभर होतील. आपण गाजावाजा करत नाही एवढंच.” मग जरा रंगात येऊन त्यांनी नेनींना ‘घरातल्यांच्यासाठीसुद्धा’ हा शब्द फोडून दाखवला. घर, त्यात, त्यातले, ते अनेक, त्यांच्या, साठी, आणि वर सुद्धा. नेनींनी तो डब्यामागे डबे जोडल्यासारखा बोटांवर मोजला आणि खूश होऊन मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत प्रथमच मराठी ही एक खरोखरची भाषा झाली.

जर्मन शब्दही लांब असतात, पण त्यांची लांबी सरकारी असते. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या प्रांतात १९९९ ते २०१३ गोमांसाच्या लेबलांवर देखरेख कुणी करायची याचा एक कायदा होता; त्याचं एका शब्दातलं नाव ६३ अक्षरांचं. तो समास आहे, नामांच्या मुसक्या बांधून उभी केलेली रांग. संस्कृतात शंभर पैकी शंभर मिळवलेल्यांना तो सोडवता येईल. हंगेरियनची लांबी घरगुती.

दोन बहिणी आहेत हे सांगायचं तर इंग्रज आणि जर्मन माणूस बहिणी ‘बाळगतो’. त्यांच्याकडे त्यासाठी खास क्रियापद आहे, गुरंढोरं, कर्ज, सर्दी आणि बहिणी सगळ्यांना चालणारं. हंगेरियनमध्ये ते क्रियापदच नाही. ‘नेकेम वॉन’: मला आहे. इंग्रज बहिणींचा मालक असतो. मराठी आणि हंगेरियन माणसाला बहिणी नुसत्या असतात. बहीण म्हटलं की ती थोरली की धाकटी हेही तिथे शब्दातच ठरतं. थोरलीला ‘नोवेर’, धाकटीला ‘हूग’, भावांनाही तसेच दोन वेगळे शब्द. ताई-दादा म्हणायची सवय झालेल्याला यात शिकायचं काही उरत नाही.

क्रियापदाचं त्याहून गमतीचं. हंगेरियन क्रियापद कर्त्याकडे पाहतंच, पण कर्माकडेही पाहतं: कुठलं तरी घर पाहिलं तर एक रूप, तेच ठरलेलं घर पाहिलं तर दुसरं. आर्लिंग्टनच्या विद्यार्थ्यांचे आठ जादा आठवडे बहुधा इथेच जात असावेत. मराठीत आपण भात खाल्ला, भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं. जेवणारा तोच, क्रियापदाचं सारं लक्ष ताटाकडे. कर्माकडे टक लावून पाहणारं क्रियापद आपल्या परिचयाचं आहे; त्याला काय दिसतं तेवढं फक्त वेगळं.

उच्चारही आपल्याला धार्जिणे. चमच्यातला च आणि चिमणीतला च हे दोन्ही हंगेरियनमध्ये आहेत, आणि त्यांनी ते लिहायलाही वेगळे ठेवले आहेत, जे आपल्याला देवनागरीत कधी जमलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर आप्पांसाठी माहेरच. ‘कोर’ आखूड म्हटलं तर वय, लांब म्हटलं तर रोग. नेनींनी हे सांगितल्यावर आप्पांना परमानंद झाला. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ते हेच सांगत आले होते, की वेलांटी चुकली की माणूस दगावतो.

एकाच गोष्टीवर त्यांचा राग राहिला. हंगेरियन एकवीस आहे ‘हुसोनएद्य’, वीसवर एक. आधी दशक, मग एकक. अकरा म्हणजे दहावर एक. म्हणजे २०१९ साली ज्या रचनेविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं, ती ही बाई जन्मापासून बोलत होती आणि तिच्या हिशेबात कधी चूक होत नव्हती. आप्पांनी हा मुद्दा पुढे वाढवला नाही.

शब्दांची भिंत मात्र उंच आहे, हे कबूल करायला हवं. रचना कितीही घरची वाटली तरी पाणी, झाड, जाणं, येणं यांपैकी एकाही शब्दावर हात ठेवायला जागा नाही. जर्मन शिकणाऱ्याला इंग्रजीतून निदान निम्मा शब्दसाठा फुकट मिळतो. हंगेरियनमध्ये प्रत्येक दिडकी स्वतः कमवावी लागते. अधूनमधून एखादं नाणं सापडतं. शंभरला ‘साझ’ म्हणतात, तो आपल्या ‘शत’च्या इराणी चुलत्याकडून उचललेला. बाजाराला ‘वाशार’, आणि रविवारचं नावच ‘वॉशारनॉप’, बाजाराचा दिवस. रविवार म्हणजे आठवडी बाजार हे एडिसनच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ओक ट्री रोडवर त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

भावकी शोधण्याच्या नादात एक हंगेरियन माणूस आपल्या देशापर्यंत आला होता. अलेक्झांडर चोमा. आपल्या भाषेचे पूर्वज आशियात सापडतील या आशेने निघाला, बरीच वाट पायी तुडवली, लडाखच्या बाजूला मठांत गारठत बसला आणि पूर्वजांऐवजी तिबेटी शिकला. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ साली कलकत्त्यात छापला गेला. १८४२ मध्ये पुढे निघालेला असताना दार्जिलिंगला तापाने गेला. हंगेरियनचे नातलग त्याला अखेरपर्यंत मिळाले नाहीत, पण तिबेटीला मात्र पाश्चात्त्य जगात पहिला मोठा शब्दकोश मिळाला. एक भाषा शोधायला निघावं आणि दुसरीच शिकून बसावं, हे आप्पांना नातीच्या गृहपाठाशी फारच मिळतंजुळतं वाटलं.

आता नातीची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिची कुचंबणा वेगळीच. अमेरिकेत जर्मन वंश सांगणारे चार कोटींहून जास्त लोक आहेत. तिच्या वर्गात निम्म्या मुलांची आडनावं जर्मन. पण जर्मन बोलायला माणूस कुठे आहे? ती अॅपवरच्या घुबडाशी बोलते. ही भाषा इथे आपोआप आटली असंही नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी आयोवाच्या गव्हर्नराने रस्त्यात, आगगाडीत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय बोलायला बंदी घातली होती; आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव बदलून ‘स्वातंत्र्यकोबी’ करण्यात आलं. नेब्रास्काने १९१९ साली कायदा केला, की आठवी पास होईपर्यंत कुठल्याही मुलाला परकी भाषा शिकवायची नाही. १९२० च्या मे महिन्यात रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचायला शिकवली आणि त्याला २५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं; १९२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द झाला. मुलांना कोणती भाषा शिकवायची हा आईबापांचाही हक्क आहे, असं तेव्हा ठरलं. आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पायात त्या २५ डॉलरांचा एक चिरा आहे.

त्या खटल्यातली एक बारीक गंमत मी आप्पांना सांगितली. नेब्रास्काच्या न्यायालयाने म्हटलं होतं, की मृत भाषांना हा कायदा लागू नाही. लॅटिन, ग्रीक, हिब्रू खुशाल शिकवा. बंदी जिवंत भाषांनाच. आप्पांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे संस्कृत चालली असती, मराठी नाही.” मग म्हणाले, “आपल्याकडे स्कोअरिंगचं तरी दुसरं काय आहे?”

नातीची मग एक सोय झाली. घुबडाला कंटाळली की ती आजोबांबरोबर बागेत जायची. तिथे बोलायला निदान एक जिवंत परदेशी भाषा बाकावर बसलेली असायची. लहानांनी मोठ्यांशी बोलायची हंगेरियनमध्ये एक खास आदबशीर रीत आहे, ‘आवडणं’ या क्रियापदाचा टेकू देऊन. तिने ती पाठ केली. ‘होद्य तेत्सिक लेन्नी?’ शब्दशः पाहिलं तर, कसं असणं आवडतंय? नेनी प्रत्येक वेळी या प्रश्नाचं गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत सविस्तर उत्तर देत. नातीला त्यातला एक शब्द कळत नसे. आप्पा बाजूला बसून मान हलवत. गुडघ्याचं दुखणं समजायला विभक्ती लागत नाहीत, असं ते म्हणायचे. पण विभक्ती असलेल्या बऱ्या, हेही वर जोडायचे.

आप्पांना वाचनालयाचं कार्ड हवं होतं, तेव्हा नेनीच त्यांना घेऊन गेल्या. मी गाडी चालवायला. खिडकीवरच्या तरुणाने अर्ज दिला. पहिला रकाना ‘फर्स्ट नेम’, दुसरा ‘लास्ट नेम’. आप्पांनी महाराष्ट्रात सगळी नोकरी ‘आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव’ या क्रमाने केलेली. पहिलं म्हणजे पहिलं. त्यांनी ठाम अक्षरात तिथे आडनाव लिहिलं. नेनींनी वाकून पाहिलं आणि अगदी बरोबर आहे म्हणून मान डोलावली. हंगेरीतही आडनाव आधी. जगाच्या दृष्टीने जो बेला बार्तोक, तो घरी बार्तोक बेला. नेनींच्या वडिलांनीही अमेरिकेत आल्यावर कुठल्याशा कचेरीत असंच लिहिलं होतं, आणि पुढे किती तरी दिवस कारखान्यातले सोबती त्यांना आडनावाने, पण लाडाने हाक मारत.

तरुणाने ओळखपत्र पाहिलं, अर्ज पाहिला, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, “सर, यातलं फर्स्ट नेम नेमकं कोणतं?”

“दुसरं,” आप्पा आणि नेनी एकदम म्हणाले.